खानसाम्याचं पुढे काय झालं

९ डिसेंबर

प्रिय वन्सं,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याचं उत्तर राहून गेलं. लिहायला बसले होते, पण काय लिहायचं ते सुचेना, म्हणून कागद तसाच ठेवला.

मी बरी आहे. यांचं तेरावं उरकून तुम्ही परत गेलात त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून लोकरीच्या दुकानात जाऊ लागले. सकाळचंच काम असतं. खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, बायका बिघडलेलं विणकाम घेऊन येतात ते सरळ करून द्यायचं. परवा एकीनं स्वेटर आणला, त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "राहू द्या, नवऱ्याला सांगा उजवा हात खिशात ठेव." सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

दुपारी घरी येते. जेवते. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, रडू येत नाही. मुलगा फोनवर म्हणाला, आई, मोकळी हो. प्रयत्न करते म्हणाले.

एक सांगायचं होतं. तुमच्यासाठी निळसर राखाडी शाल विणायला घातली होती, जाळीच्या विणीची. यांना तुम्हाला वाढदिवसाला द्यायची होती, म्हणून बोलले नव्हते. अर्ध्याच्या पुढे झाली आहे. पण ती संध्याकाळचीच विणत होते, हे वाचायचे तेव्हा. आमचं वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. यांनी मोठ्यानं वाचायचं, मी विणायचं. जाळीत टाके मोजावे लागतात, त्यामुळे मला स्वतःला वाचता येत नाही, पण ऐकता येतं. आता ती हातात घेतली की हात चालत नाही. शांततेत टाके चुकतात. तेव्हा उसवून टाकावी आणि लोकर तुम्हाला पाठवावी असं म्हणते. चांगली लोकर आहे, कोणाकडून काही करून घ्या.

वाचनालयाचं एक पुस्तकही घरी राहिलं आहे. नेऊन द्यायचं आहे.

तुमच्या कानाचं यंत्र दुरुस्त झालं का?

तुमची वहिनी

———

१७ डिसेंबर

वहिनी,

सगळ्यात आधी, मला वन्सं लिहिणं बंद कर. वन्सं म्हटलं की मला नऊवारी नेसून दारात उभं राहून तुझ्या चुका काढाव्याशा वाटतात.

यंत्र दुरुस्त झालं. आता घरात ऐकू येतं आणि फोनवर मात्र कुकरसारखी शिट्टी मारतं. म्हणून पत्र. तसंही फोनवर तू 'बरी आहे' याच्यापुढे जात नाहीस. पत्रात निदान दोन डाव्या बाह्या तरी मिळाल्या.

शालीचं काय, उसव. माझ्या खांद्यांनी इतकी वर्षं शालीवाचून काढली, अजून काढतील. नको वाटतंय तर कशाला जिवावर उदार होऊन विणतेस? लोकर पाठवू नकोस. आमच्याकडे विणकाम कोणाला येतं? मला सुई दिली तर मी तिनं यंत्रातला मळ काढीन.

पुस्तकाचं मात्र माझं ऐक. नेऊन देण्याआधी संपव. दादाला अर्धं पुस्तक परत करणारा माणूस म्हणजे अर्धं जेवून उठणारा वाटायचा. कुठलं पुस्तक आहे? शेवटी काय वाचत होता तो?

आणि इकडे ये. चार दिवस ये. नाही म्हणणार हे माहीत आहे, तरी लिहिते.

तुझी,
वन्सं नसलेली नणंद

———

४ जानेवारी

प्रिय वन्सं,

सवय जात नाही, राग मानू नका.

तुम्ही म्हणालात तसं पुस्तक वाचायला घेतलं. एका डोंगरावरचं जुनं विश्रामगृह आहे. दरड कोसळून रस्ता बंद होतो आणि वेगवेगळी माणसं आत अडकतात. त्यांतल्या एकाचा खून होतो. जाडजूड आहे. हे पावसाळ्यापासून वाचत होते, कारण मध्ये मध्ये थांबून बोलायचे, शिवाय माझी ओळ चुकली की थांबावं लागायचं.

त्यात विश्रामगृहाचा खानसामा आहे. म्हातारा, तोंडाळ. मला गोष्टीतला तोच आवडायचा. खून कोणी केला याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

यांची खूण जिथे होती तिथून वाचू लागले. खानसामा येईना. वाटलं, येईल पुढे. मग मागे जाऊन चाळलं, तर मागेही नाही. न्यायाधीशाशी त्याचं भांडण होतं ते नाही. पाहुण्यांतली लहान मुलगी रडते तेव्हाचं नाही. पानं गळली असणार असं धरून मी वाचनालयात तक्रार घेऊन गेले. तिथल्या गृहस्थांनी पान क्रमांक तपासले. "बाई, पुस्तक धडधाकट आहे."

म्हटलं, "मग खानसामा कुठे गेला?"

ते म्हणाले, "वर गेला. न्यूमोनियानं. सुरुवातीलाच."

मी म्हटलं, "नाही हो, त्यानंतर तो न्यायाधीशाला बोलतो."

"कुठल्या पानावर?"

"पान मला माहीत नाही. मी वाचलेलं नाही, ऐकलेलं आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि आतून दुसरी प्रत आणली. त्यातही तो मेलेलाच होता. चार ओळींत. ताप येतो, रात्रीत जातो, दुसऱ्या दिवशी पाहुणे डबाबंद मासे खातात. रांगेतल्या बाई म्हणाल्या, "हिला माझं पुस्तक देऊ नका, त्यात तर बहुतेक सगळेच मरतात."

घरी येताना माझ्या लक्षात आलं. खूप वर्षांपूर्वी एका कादंबरीत मूल गेलं होतं तेव्हा माझ्या हातून सुई निसटली आणि संध्याकाळभराचं काम सुटलं होतं. मी चिडून म्हटलं होतं, यापुढे कोणी मरणार असेल तर मला सांगत जाऊ नका. ते मी विसरून गेले होते. हे विसरले नव्हते. पुस्तकात माणूस मेला की हे त्याला जिवंत ठेवून पुढे वाचत असणार. म्हणजे वाचत नसणार. मनानं सांगत असणार. मागची किती पुस्तकं तशी होती कोण जाणे. माझ्या डोक्यात बरेच लोक जिवंत आहेत.

याचं मला काय वाटायला हवं ते कळलं नाही. घरी येऊन भात लावला.

शाल उसवायला घेतली आहे. जाळी उसवताना अडकते, रोज थोडी होते.

तुमची वहिनी

———

१० जानेवारी

वहिनी,

उसवू नकोस. हे पत्र हातात पडेल तिथे थांब.

आणि तो खानसामा काय काय बोलायचा ते मला लिहून पाठव. सगळं. भांडण, मुलगी, जे आठवेल ते. पुस्तकातलं नको, पुस्तक इथेही मिळेल. दादाचं हवं.

तुला वाटेल हिला काय झालं. सांगते. गेली कित्येक वर्षं मला दादा धड ऐकू आलेला नाही. तुमच्याकडे यायचे तेव्हा संध्याकाळी तो वाचत बसायचा, तू खाली मान घालून विणत बसायचीस, आणि मी समोरच्या खुर्चीत मूग गिळून. त्याचे ओठ हलताना दिसायचे. मध्येच तू सुई थांबवून हसायचीस. मी पण हसायचे, लाजेकाजेस्तव. 'काय म्हणाला' असं किती वेळा विचारणार? एकदा विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही गं, पुस्तकातलं आहे." मला ते खरं वाटलं.

आता तू म्हणतेस पुस्तकातलं नव्हतंच. म्हणजे तो समोर बसून स्वतःचं बोलत होता आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

तो तसा घुमाच. माझ्याशी शेवटचं बोलला ते रिक्षाच्या वाटेबद्दल. तुझ्याजवळ जे आहे ते माझ्याजवळ नाही, वहिनी. ते पाठव.

तुझी

———

२० जानेवारी

प्रिय वन्सं,

पत्र आलं तेव्हा शाल उसवून झाली होती. खालच्या काठाचा वीतभर पट्टा तेवढा सुयांवर राहिला आहे. तुम्ही उसव म्हणालात, म्हणून उसवली.

तुमच्या सांगण्यावरून आठवायला बसले. नाही आठवत. भांडण झालं हे आठवतं, शब्द आठवत नाहीत. माझं लक्ष टाक्यांवर असायचं. एका कानानं ऐकायचे. शाल होती तेव्हा मांडीवर पसरली की कळायचं, हे भोक मोठं पडलं तेव्हा हसले होते, हा टाका आवळलाय तेव्हा न्यायाधीश आला होता. तुम्हाला हे वेडगळ वाटेल. दुकानात कोणालाही विचारा, विणणाऱ्या बाईला सांगता येतं कुठली ओळ कुठल्या दिवसाची.

पण विणकाम शेवटाकडून उसवतं. आधी अलीकडचं जातं. सुयांवर उरलं आहे ते अगदी सुरुवातीचं, तेव्हा खानसामा जिवंतच होता, म्हणजे ते सगळं छापील आहे. तुम्हाला हवं होतं नेमकं तेच गेलं.

काही मिळणार नाही असं धरून चाला. मला वाईट वाटतं असं लिहायला हवं. वाटत असेल.

तुमची वहिनी

———

२७ जानेवारी

वहिनी,

हो, मीच म्हणाले उसव. उंटावरून शेळ्या हाकल्या, आणखी काय. तुझा दोष नाही.

एकच विचारते. मी विणकामात ढ आहे, हसू नकोस. लोकर आहे ना अजून? तीच लोकर, त्याच सुया, तीच वीण. परत तसंच विणलं तर?

येत नसेल आठवत तर राहू दे. शाल तरी होईल.

तुझी

———

२ मार्च

प्रिय वन्सं,

उशीर झाला. मुद्दाम नाही.

तुमचं पत्र मी दुकानात वाचलं. दुकानवाल्या बाईंना म्हटलं, नणंद विचारते, तेच परत विणलं तर आठवेल का? त्या म्हणाल्या, "आठवो न आठवो. रिकामे हात बघवत नाहीत तुझे." म्हणून उरलेल्या पट्ट्यावर परत सुरू केली.

उसवलेली लोकर कुरळी राहते. प्रत्येक टाक्याचा वळसा तिच्यात असतो. धुऊन, वजन बांधून सरळ करायची असते, मी केली नाही. तशीच कुरळी विणायला घेतली. पहिले कित्येक दिवस काही नाही. टाके, नुसते टाके. रेडिओ लावून बघितला, बंद केला.

मग पानांच्या नक्षीच्या दुसऱ्या रांगेत, दोन टाके एकत्र घेताना, "दात" एवढा शब्द आला. यांच्या आवाजात. मी पुढे विणत राहिले, थांबले असते तर गेला असता. ओळ संपेपर्यंत अख्खं वाक्य आलं. तेव्हापासून ओळ संपली की सुई ठेवते आणि आलं असेल ते लिहून काढते. रोज येतं असं नाही. जे आलं ते देते. मला लिहिता येत नाही, पण शब्द यांचेच आहेत.

न्यायाधीश म्हणतो, बटाटे कच्चे आहेत. खानसामा म्हणतो, "बटाटा शिजलाय साहेब. दात दमलेत. त्यांना आता निवृत्ती द्या, तुम्हाला दिली तशी." न्यायाधीश म्हणतो, तुझी तक्रार करीन. तो म्हणतो, "करा. रस्ता उघडला की करा. तोवर मलाच वाढायचंय."

भातावर झाकण ठेवलं की तो पळीनं वर टकटक करायचा आणि विचारायचा, "आत कोण आहे? कोणी नाही? मग शिजा गुपचूप." पाहुणे भुकेनं कासावीस होऊन ओट्याभोवती जमायचे, तेव्हा तो हे दर वेळी करायचा. हे दर वेळी वाचायचे आणि माझ्या सुईनं खुर्चीच्या हातावर टकटक करायचे. मला ओळ मोजू द्यायचे नाहीत.

तो सगळ्यांना वाढून मग उभ्यानंच जेवायचा, ताटली डाव्या तळव्यावर. कोणी बस म्हटलं की म्हणायचा, "बसलो की माणूस होतो, मग उठवत नाही."

त्या मुलीचं सगळ्यात शेवटी आलं. छापील पुस्तकात मुलगीच नाही, मी दोन्ही प्रतींत पाहिलं. विश्रामगृहात ती कोणाबरोबर आली हे यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती रडत स्वयंपाकघरात येते. खानसामा तिला गप्प कर म्हणत नाही. पुढ्यात डाळीचं ताट ठेवतो. म्हणतो, "रडायचं तर रड, पण खडे नीट बघ. डोळ्यांत पाणी असलं की खडा चमकतो, बरं दिसतं." ती रडत रडत डाळ निवडते. तो दाराकडे पाठ करून कांदा चिरत राहतो. एक मुलगा दारात उभा असतो, त्याला तो म्हणतो, "आत ये. कांदा आहे, इथे कोणाचंही चालतं."

इथे हे थांबले होते. मला वाटलं पान उलटतायत. पाणी प्यायले आणि म्हणाले, आजच्यापुरतं पुरे. ती संध्याकाळ मला आता नीट आठवते. मी म्हटलं होतं, एवढ्यात? माझी ओळ अजून व्हायची आहे.

त्यानंतर खानसाम्याचं काही आलेलं नाही. जुनी शाल जिथे थांबली होती त्याच्या पुढे मी विणून आले आहे. असेल तर एवढंच असेल.

तुमची वहिनी

———

११ मार्च

वहिनी,

तुझं पत्र ओट्याशी उभं राहून वाचलं आणि खाली बसले. आमचे हे धावत आले, वाटलं चक्कर आली. म्हटलं, नाही, अप्पा आले.

तुला कसं सांगू? तो खानसामा नाही गं. आमचे वडील आहेत.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, दादा दहाचा. अप्पा छापखान्यात खिळे जुळवायचे. घरी येऊन हातांची शाई निघेपर्यंत घासायचे आणि मग चूल. त्यांना आधी चहासुद्धा येत नव्हता. भात शिजेपर्यंत आम्ही भुकेनं रडकुंडीला यायचो, म्हणून ते झाकणावर पळी वाजवून आत कोण आहे विचारायचे. दादा कधी कधी ओट्याखालून ओरडायचा, "मी आहे!" मग अप्पा म्हणायचे, "मग तूही शीज." तेवढं त्यानं तुला सांगितलेलं दिसत नाही. की तू मोजत होतीस?

बटाट्याचं बोलले ते आमच्या मामाला. तो न्यायाधीश नव्हता, पण असल्यासारखा बसायचा.

जेवायचे उभ्यानंच. ताटली डाव्या तळव्यावर. हे मी विसरले होते. वहिनी, मी हे विसरले होते.

आणि ती मुलगी मी. आईच्या तेराव्यानंतरची गोष्ट. डाळीचे खडे मी अजून तशीच बघते, तुला कधी दिसलं नसेल. दारातला मुलगा कोण ते तुला सांगायला नकोच. अप्पांच्या डोळ्याला कांदा कधी लागत नसे. त्या दिवशी लागला, एवढंच मला आठवतं. दादानं ते पाहिलं होतं हे मला आज कळलं.

त्यानं अप्पांचं नाव घरात कधी काढलं नाही. मी काढलं तर उठून जायचा. मला वाटायचं, हा कसा दगड. आणि हा दगड पावसाळाभर तुझ्यासमोर बसून पुस्तक हातात धरून अप्पांना बोलता करत होता. मला ऐकू येत नव्हतं तेव्हा. मी असतानाही.

तुझ्या पत्राची नक्कल काढली आणि मूळ कपाटात ठेवलं. मुलींना वाचून दाखवलं. धाकटी म्हणाली, आजोबा भारीच होते. त्यांना आजोबा मिळाले. शाल आता झाली नाही तरी चालेल.

तुझी

———

१८ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं.

लग्न ठरलं तेव्हा मला इतकंच सांगितलं होतं की वडील आधीच वारले. भिंतीवर फोटो नव्हता. मी सासऱ्यांचं काही विचारलं नाही, विचारायचं नसतं असं मला वाटलं. इतकी वर्षं मी सासरे न पाहिलेली सून होते. आता बघते तर रोज संध्याकाळी माझ्याशी बोलत होते. मी हसत होते त्यांना.

"मी आहे" हे यांनी मला सांगितलं नव्हतं. मी मोजत नव्हते. यांनीच ते गाळलं होतं.

शाल होते आहे. शेवटचा काठ राहिला आहे, मग ओली करून टाचण्यांनी ताणून वाळवायची. तुम्हालाच यायची आहे.

काल दुकानात एका बाईच्या सुटलेल्या टाक्यांकडे बघताना डोळ्यांत पाणी आलं. दुकानवाल्या बाईंनी दुसरीकडे बघितलं. घरी आल्यावर पुन्हा आलं. बराच वेळ होतं. मग जेवले.

एक मागते. अप्पा कसे गेले ते मला कोणी सांगितलेलं नाही. यांनी तर पुस्तकातलेसुद्धा कधी जाऊ दिले नाहीत. कुठल्या खोलीत, कोण जवळ होतं, काय झालं, शेवटी बोलले का, आणि तेव्हा हे कुठे होते, काय करत होते. तुम्हाला जड जाईल, तरी लिहा. माझ्यासाठी म्हणून बेतानं लिहू नका. काही गाळू नका. मी सुया खाली ठेवून वाचीन.

तुमची वहिनी